घसा बसलेली गिटार

"साहेबजी, माह्या नवऱ्याले मारून टाकलं."

बाईचा आवाज इतका शांत होता की ठाणेदार नत्थूजी पाचभाईंना आधी वाटलं, ती पाणी हवं का म्हणून विचारते आहे. सावंगा कोळसा खाणीचं वार्षिक संमेलन ऐन रंगात होतं. दुपार कलली होती. भोंग्यातून हवाई गिटार वाजत होती, पहिल्या रांगेत साहेबलोक माना डोलवत होते, आणि ही बाई कनातीखालून वाकून येऊन थेट त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली होती.

"कोणी मारलं?"

"ते ठाऊक नाई जी. पण मेला तो. मले आत्ताच समजलं."

"आत्ता? इथं बसल्या बसल्या?"

तिनं हनुवटीनं स्टेजकडे खूण केली. "तो बाजा त्याचा हाय. त्याचा घसा बसला."

स्टेजवर खाणीचे असिस्टंट इंजिनियर मनोहर वैरागडे ताठ बसून वाजवत होते. गिटार मांडीवर आडवी. डाव्या हातात तारांवरून सरकवायची पितळी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. भोंग्यातून येणारा सूर जाड, ओलसर आणि किंचित खरखरणारा होता. पाचभाईंना गाण्यातलं कळत नव्हतं. हे वाद्य असंच वाजत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

ते उठले आणि बाईला मंडपामागे घेऊन गेले.

ती सोनीबाई. सुकलू मडावीची बायको. नाव ऐकताच पाचभाईंना सगळं आठवलं. सुकलू खाणीच्या वाइंडिंग शॉपमध्ये जळालेल्या विजेच्या मोटारींवर नव्यानं तांब्याची तार गुंडाळायचा. खाणीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत जाताना आपली विजेची गिटार त्याला देऊन गेला होता. साहेबाची गिटार दुरुस्त करता करता सुकलू ती साहेबापेक्षा बरी वाजवायला लागला होता, हे सगळ्या खाणीला माहीत होतं.

दिवाळीनंतर गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, त्या दिवसांत सुकलू नाहीसा झाला. गावच्या मंडईसाठी रजा घेतली, पण गावी पोचला नाही आणि कामावरही परतला नाही. गिटार मात्र खाणीच्या क्लबात ठेवलेली होती. खाणीत सगळ्यांना कारण पाठ होतं : सिनेमात वाजवायला मुंबईला पळाला. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून मुंबई जरा जवळ आल्यासारखीही वाटत होती. पाचभाईंनीही तेच मानलं. माणसं पळतातच.

"आवाजावरून माणूस मेला, असं कसं म्हणतेस, बाई?"

"तो बाजा सोडून गेला नसता. मले सोडलं असतं." ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती. "अन सोडला बी असता, तं असा नासवून नाई. झऱ्यावानी वाजे तो. आज खोकून राह्यला होता. अन त्या साहेबाच्या हातातली कांडीबी दुसरीच हाय. त्याची लोखंडाची होती, मोटारीच्या बेअरिंगातली."

"तो गावी कसा येणार होता?"

"मंडईच्या आदल्या दिशी येतो म्हणे, भोंगा घेऊन. बॅटरीवर वाजवतो म्हणे. साऱ्या रेंगाटोल्याले सांगून ठेवलं होतं. मी पहिलेच जाऊन राह्यली होती. आमच्या गावाच्या अलीकडं नाला हाय. बुढे लोक तिथली काळी वाळू धुऊन लोखंड काढत. आता भट्ट्या पडल्या, गोटे उरले. मंडईचा अख्खा दिस मी त्या गोट्यावर बसून वाट पाह्यली. लोकं हासत होते."

"मग तू आधी का नाही आलीस?"

"कोणापाशी येऊ? सासरा म्हणते, जित्ता हाय, तुले टाकून गेला. इथी म्हणतेत, क्वार्टर खाली कर." ती पहिल्यांदाच थांबली. "तो पळाला असंन तं तसं सांगा जी. मी थुंकीन अन दुसरं घर पाहीन. मेला असंन तं दगड उभा करू द्या. आमच्यात मेलेल्याचा दगड उभा करतेत, तवा तो घरच्यांत येते. नाई केला तं रानात फिरत राह्यते. मी ना इथली, ना तिथली. दोहीतलं एक सांगा."

संमेलनाच्या टाळ्या कनातीमागून ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते क्लबात गेले. क्लबाचा म्हातारा नोकर देवाजी बिलियर्डच्या टेबलावर फडकं मारत होता. खिडकीच्या चौकटीवर, दिव्यांच्या काचांवर, सगळीकडे काळी पूड साचली होती.

"गिटार कुठाय?"

"कपाटात जी. चावी वैरागडे साहेबापाशी. कालच्या गडबडीत उघडंच राह्यलं."

"कपाटात कधीपासून आहे?"

"सुकलू गेला तवापासून. वैरागडे साहेबानं आणून ठेवली अन कुलूप लावलं. मले पुसाले बी देत नाई."

"आधी कुठं असायची?"

"त्याच्या घरी. त्यानं पेटी बनवली होती तिच्यासाठी, आतून मखमल." देवाजीनं फडकं झटकलं. "मजुराच्या घरी मखमल, अन क्लबाच्या गादीले मांजरपाट."

"तुला तो आवडत नव्हता."

"मी इथी जल्म काढला जी. साहेबलोकांसमोर कधी बसलो नाई. तो खुर्चीवर बसे. बाजा वाजवाले बसाच लागते म्हणे." तो हसला. "पण वाजवे चांगला. खोटं काऊन बोलू?"

पाचभाईंनी गिटार टेबलावर ठेवली. भरीव लाकडाची जड फळी आणि तिच्यावर सहा पोलादी तारा. लाकडावरून रुमाल फिरवला, तो काळा झाला. तारांखाली एक आडवा पट्टा बसवला होता. मेणानं लिंपलेला. त्यांनी नाक जवळ नेलं. मधाचा वास आला. रानातल्या पोळ्याचं मेण.

मेणातून सहा लोखंडी खुंट्या डोकावत होत्या, प्रत्येक तारेखाली एक. खुंट्यांच्या माथ्यांवरही काळं होतं. त्यांनी रुमाल फिरवला. काळं निघालं नाही. ते केसांसारखं वाकलं आणि रुमाल उचलताच पुन्हा उभं राहिलं. काही केस तर तारांना खालून टेकले होते.

त्यांनी फुंकर मारली. काहीच हललं नाही.

मग त्यांनी खिडकीच्या चौकटीवरची चिमूटभर काळी पूड उचलली आणि त्याच खुंट्यांवर सोडली. दुसऱ्या फुंकरीला ती उडून गेली. खालचं काळं तसंच राहिलं.

देवाजी कमरेवर हात ठेवून बघत होता. "इथी सारंच काळं हाय जी. कितीक पुसाल?"

पाचभाईंनी नखानं थोडं खरवडून आगपेटीत घेतलं.

"त्याला हात लावू नका."

वैरागडे दारात उभे होते. चाळिशीच्या आतला, नीटनेटका माणूस. त्यांनी येऊन गिटार उचलली आणि झोपलेलं मूल हलवावं तशी बाजूला ठेवली.

"हा पट्टा काय आहे?" पाचभाईंनी विचारलं.

"पिकअप. वाद्याचा जीव तो." वैरागडेंचा आवाज एकदम बदलला. "हिला पोट नाही, बघा. साध्या गिटारीत पोकळी असते, ती घुमते. इथं लाकूड गप्प. ह्या खुंट्या म्हणजे चुंबकं. त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात खळबळ होते आणि तांब्यात वीज उठते. अगदी इवलीशी. ती भोंग्यात जाऊन आवाज होते."

"म्हणजे आवाज वेढ्यांवर अवलंबून?"

"वेढे जास्त घातले तर सूर जाड होतो. कमी घातले तर काचेसारखा. पट्टा तारांच्या घोडीजवळ बसवलात तर नाकात बोलेल, पुढं सरकवलात तर छातीतून. चुंबक तारेच्या फार जवळ आलं, की तार अडखळते. सगळं मोजता येतं, ठाणेदार साहेब. तरीही..."

"तरीही?"

"सुकलूसारखा निघत नाही." ते हे अगदी साधेपणानं बोलले. "मी कलकत्त्याहून नवी गिटार मागवली. हिच्यापेक्षा भारी. त्याच्याकडूनच तिच्यात पिकअप बसवून घेतला. आपल्या गिटारीसारखाच बसवला, म्हणून त्यानं शपथ घेतली. खोटी. माणसं शेवटची चिमूट स्वतःकडे ठेवतात. आता हीसुद्धा माझ्या हातात बिघडली. आठवडेच्या आठवडे मी तिच्याशी झगडतोय."

"ही त्यानं तुम्हाला कुठं दिली?"

"इथंच, ह्या खोलीत. म्हणाला, मुंबईला चाललो, तिकडं नवी मिळेल, ही क्लबात राहू द्या. मग माजरी स्टेशनकडे गेला असेल."

"रजा तर मंडईसाठी घेतली होती."

"बायकोला सांगायला काहीतरी लागतंच की."

"त्यानंतर गिटार बाहेर कुठं गेली?"

"कालचं स्टेज सोडून कपाटाबाहेरसुद्धा नाही."

"आणि त्याची कांडी?"

"घेऊन गेला. आठवण म्हणून असेल." वैरागडे दारापर्यंत गेले आणि वळले. "मुखरूला विचारलंत का? वाइंडिंग शॉपचा फिटर. दिवाळीच्या सुमारास दोघांची मारामारी झाली होती. सगळ्यांनी पाहिली."

पाचभाईंच्या खिशात आगपेटी होती. चुंबकाला चिकटतं ते लोखंड. लोखंडाचा कीस पडतो फिटरच्या कानशीखाली. दुपारी त्यांनी हवालदार लटारूला मुखरूला घेऊन यायला सांगितलं. सांगताना त्यांचा स्वतःवर पुरता विश्वास बसला होता, आणि असं झालं की त्यांचं बहुधा चुकतं, हे त्यांना उशिरा आठवलं.

मुखरू ठाण्यात आला तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि एक डोळा मिटत चालला होता.

"मी आणायला सांगितलं होतं, लटारू."

"आणलाच जी. येता येता थोडा पडला."

"कितीदा पडला?"

लटारू भिंतीकडे बघत राहिला.

पाचभाईंनी मुखरूला पाणी दिलं. पाणी ओठाला झोंबलं, तरी तो प्यायला.

"सुकलूशी भांडण कशावरून झालं?"

"किसावरून जी. दिवाळीच्या पहिले त्यानं बाजा शॉपात आणला होता. मी कानशीनं पट्टी घासून राह्यलो होतो. कीस उडला अन चुंबकाले चिकटला. त्यानं माह्या थोबाडीत हाणली. म्हणे, लोखंडाचा कण चुंबकाले लागला का निघत नाई, तार खालून अडते, बाजा मरते. मंग भिजवलेल्या कणकेचा गोळा आणला अन टिपून टिपून सारा काढला."

"सगळा?"

"सारा. दिवाळीले वाजवला ना त्यानं. क्वार्टरांच्या साऱ्या लायनीनं आयकला, काचेवानी. त्यानंतर बाजा शॉपात आणलाच नाई."

"वैरागडे साहेबांच्या गिटारीत पिकअप बसवला, तेव्हा तू होतास?"

मुखरूनं गिलास खाली ठेवला.

"बोल."

"त्यानं कसम घातली हाय."

"तो आता नाही, मुखरू."

"तुमच्या हवालदारानं इतकं मारलं, तवा नाई सांगितलं. आता पाणी पाजलं म्हून काऊन सांगू?"

लटारूनं पाऊल पुढं टाकलं. पाचभाईंनी नुसता हात वर केला, तेव्हा तो थांबला.

त्यांनी मुखरूच्या बाकावरचा कीस कागदात मागवून घेतला. आगपेटीतले कण दुसऱ्या कागदावर ओतले. बारीक अक्षरांची पुस्तकं वाचायला ते एक भिंग वापरत. ते त्यांनी आधी एका कागदावर धरलं, मग दुसऱ्यावर, आणि पुन्हा पहिल्यावर.

कानशीचा कीस कुरळा होता, टोकदार, आणि ठिकठिकाणी तांबूस गंजलेला. आगपेटीतले कण गोल होते. काळे, गुळगुळीत, चमकणारे. त्यांच्यामध्ये अडकलेले एकदोन कण तर काळेही नव्हते. काचेसारखे पांढरे होते.

पाचभाईंनी भिंग खाली ठेवलं.

"मुखरूला घरी सोडून ये," ते म्हणाले. "आणि ह्या वेळी कोणी पडता कामा नये. मग सोनीबाईला निरोप दे. मला तिच्या गावी जायचं आहे."

चांद्यावरून मूल गावाचा रस्ता धरला की सागाचं रान लागतं. पुढं कच्ची वाट फुटते. नाला आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाणी घोट्याएवढं. वळणावर पिवळ्या वाळूत काळे पट्टे पडले होते. काठावर जुन्या भट्टीचे गोटे ढासळून पडले होते, काजळलेले आणि वितळून एकमेकांना चिकटलेले. पाण्याच्या कडेला ट्रक किंवा जीप वळल्याच्या जुन्या खुणा चिखलात वाळून घट्ट झाल्या होत्या.

पाचभाईंनी मुखरूच्या शॉपमधून आणलेलं चुंबक काळ्या पट्ट्यात खुपसलं. बाहेर काढलं तेव्हा त्यावर काळे केस उभे होते.

सोनीबाई बघत होती. तिला समजायला नको होतं, निदान इतक्या लवकर. पण तिला समजलं.

"बाजावर हेच होतं?"

"हो."

"म्हणजे बाजा इथी आला होता."

"हो, बाई."

ती नाल्याकडे बघत नव्हती. ढासळलेल्या भट्टीकडे बघत होती. त्यांतले काही गोटे जुने, शेवाळलेले होते. काहींची मातीनं माखलेली खालची बाजू वर आली होती, कोणी तरी उलटे रचल्यासारखी.

सोबत आलेल्या शिपायांनी गोटे हलवायला सुरुवात केली. फार हलवावे लागले नाहीत.

कवटी मागून फुटली होती. कपड्यांवरून आणि दंडातल्या कड्यावरून ओळख पटली. सदऱ्याच्या खिशात लोखंडी कांडी होती, बेअरिंगातली, गंजून लाल झालेली.

सोनीबाई रडली नाही. सगळ्यांत वरचा सपाट गोटा शिपायांनी बाजूला ठेवला होता, तिनं त्यावर हात ठेवला.

"मंडईच्या दिशी मी ह्याच्यावर बसली होती जी," ती म्हणाली. "दिसभर त्याच्या छातीवर बसून त्याची वाट पाह्यली."

खाणीत बातमी पोचायच्या आत, दुसऱ्या सकाळी, पाचभाईंनी क्लबात सगळ्यांना बोलावलं. खाणीचे आत्ताचे मॅनेजर आले. वैरागडे आले. देवाजी भिंतीशी उभा राहिला. मुखरू आत यायला तयार नव्हता, त्याला खुर्ची दिली तेव्हा तो जमिनीवर बसला. सोनीबाई दारात थांबली.

"वैरागडे साहेब, थोडं वाजवा."

"आत्ता?"

"उपकार होतील."

वैरागडेंनी गिटार मांडीवर घेतली. भोंगा जोडला. तोच जाड, खोकणारा सूर आला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"देवाजी, कणीक भिजवलीस?"

देवाजीनं वाटीतून ओला गोळा आणला. पाचभाईंनी तो मुखरूकडे दिला. मुखरूनं तारांखालून बोट घालून एकेक खुंटी टिपली. गोळा हळूहळू काळा होत गेला.

"पुन्हा वाजवा."

वैरागडेंनी कांडी सरकवली. भोंग्यातून सूर आला आणि खोलीतलं सगळं क्षणभर थांबलं. स्वच्छ, लांब, कुठंही न अडखळणारा. दारात सोनीबाईनं डोळे मिटले. वैरागडेंच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मॅनेजरांनाही हसावंसं वाटलं.

"काय होतं त्यात?" त्यांनी अधीरपणे विचारलं.

"वाळू," पाचभाई म्हणाले.

हसू थोडं मागं सरलं.

"ह्या गावात काळं म्हणजे कोळसा. कपडे काळे, भात काळा, थुंकी काळी. काळ्या रंगाकडे इथं कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. तुम्ही ही गिटार पुसली असणार. फुंकरही मारली असणार. जे राहिलं, त्याला तुम्ही कोळसा समजलात. पण कोळसा चुंबकाला चिकटत नाही. मी इथलीच चिमूट टाकून पाहिली, उडून गेली."

"शॉपमधला कीस असेल."

"मीही तेच समजलो. मुखरूचा ओठ ही माझी चूक आहे. पण कानशीचा कीस कुरळा असतो. हे कण गोल आहेत, वाहत्या पाण्यानं घासलेले, आणि त्यांच्यात पांढरे वाळूचे कण आहेत. चुंबकाला चिकटणारी काळी वाळू आपल्याकडे काही ठरावीक नाल्यांतच मिळते. जुने लोक तिच्यातून लोखंड काढत. तसा एक नाला सुकलूच्या गावाच्या वाटेवर आहे."

मॅनेजर खुर्चीत पुढं सरकले.

"दिवाळीत ही गिटार काचेसारखी वाजत होती, सगळ्या लायनीनं ऐकली. त्यानंतर सुकलूनं ती तुम्हाला ह्याच खोलीत दिली आणि ती कपाटाबाहेर गेली नाही, असं तुम्हीच मला सांगितलंत. मग रेंगाटोल्याचा नाला तिच्यात कसा शिरला? सुकलू भोंगा आणि बॅटरी घेऊन गावी जाणार होता. बॅटरीवरचा भोंगा क्लबाचा आहे. तो तुमच्या ताब्यात. रानातल्या वाटेनं जाणारी खाणीची जीप तुमच्या हाताखाली. त्याला गावी नेऊन सोडतो, असं तुम्ही कबूल केलं असणार. कोणाला सांगू नको, असंही."

"ठाणेदार," मॅनेजर म्हणाले, "वाळू हा काही पुरावा नाही."

"नाही साहेब. वाळूनं फक्त जागा सांगितली." पाचभाईंनी खिशातून गंजलेली कांडी काढून टेबलावर ठेवली. "बाकीचं जागेवर होतं. तुम्ही म्हणालात, ही तो मुंबईला घेऊन गेला. तो गोट्यांखाली होता, वैरागडे साहेब. ही त्याच्या खिशात होती."

वैरागडे कांडीकडे बघत नव्हते. ते कणकेच्या गोळ्याकडे बघत होते.

"म्हणजे एवढंच होतं?" ते हळूच म्हणाले. "मी वेढे तपासले. सगळे सांधे नव्यानं सोल्डर केले. आणि नुसती वाळू?"

"का मारलंत त्याला?"

"तो हसला." त्यांनी मान वर केली. ते मनापासून समजावून सांगत होते. "रेडिएटरमध्ये पाणी घालायला आम्ही नाल्यावर थांबलो. मी शेवटचं विचारलं. हात जोडून विचारलं, ठाणेदार. खरा पिकअप कुठं आहे, मला कसला बसवून दिलास. तर म्हणाला, 'साहेब, खरा तुमच्याचपाशी हाय,' आणि हसला. माझी थट्टा. एक वाइंडर. गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल माझ्या हातात होतं. गिटार त्याच्या काखेत होती, ती वाळूत पडली. आधी मी ती उचलली."

"थट्टा नोती ते."

मुखरू बोलला होता. जमिनीवरूनच, मान खाली घालून.

"त्यानं तुमच्यासाठी नवा बनवला होता जी. एकदा, दोनदा. जमला नाई त्याले. भेत होता तुमाले. म्हणे, साहेबाले पसंत नाई पडला तं नोकरी खाईन. मंग त्यानं आपल्या बाजातला गोऱ्या साहेबाचा पिकअप काढला अन तुमच्यात बसवला. तुमाले वळखू नये म्हून वरतून मेण थापलं. नवा होता तो आपल्याले ठेवला. म्हणे, माहं काय, मी कशावरबी वाजवीन. मले कसम घातली. दिवाळीले सारी लायन जे आयकून राह्यली होती, ते त्या नव्यावरच."

पाचभाईंनी लटारूला पाठवून वैरागडेंच्या बंगल्यातून कलकत्त्याची गिटार आणवली. पेटीवर धूळ होती. मुखरूनं नखानं पिकअपवरचं मेण खरवडलं. खालून काळं, गुळगुळीत विलायती डबं निघालं. त्याच्या कडेवर गोऱ्या मॅनेजरनं चाकूनं कोरलेली आपली आद्याक्षरं अजून दिसत होती.

वैरागडे त्या अक्षरांकडे बघत राहिले. त्यांचा हात पुढं गेला, डब्याला टेकला आणि तिथंच राहिला. लटारूला बेडी घालायला तो हात सोडवून घ्यावा लागला.

खोली रिकामी झाली तेव्हा सोनीबाई आत आली. टेबलावर दोन गिटारी, कांडी आणि काळा झालेला कणकेचा गोळा होता.

"त्याचा बाजा मले भेटन का जी? दगडाखाली ठेवाले."

"खटला उभा राहील, बाई. सगळा पुरावा आहे."

"कांडीबी?"

"कांडीही."

तिनं मान हलवली. तिला सवय होती. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"तो गोटा, ज्याच्यावर मी बसली होती. तो तरी पुरावा नाई ना?"

पाचभाईंनी विचार केला. पंचनाम्यात गोटे होते, पण तो सपाट गोटा कोणी वेगळा लिहिला नव्हता.

"नाही," ते म्हणाले.

"मंग तोच उभा करतो," सोनीबाई म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून उन्हात निघाली.